अमेरिकन टॉक रेडिओवर उजवा आवाज व्हायचं तर

आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. त्यामुळे रोज तीन तास राजकारणावर बोलून पोट भरणारा रेडिओवाला आपल्या ओळखीचा नाही. अमेरिकेत हा रीतसर धंदा आहे आणि रश लिम्बॉ, ग्लेन बेक, शॉन हॅनिटी अशा उजव्या विचारांच्या मंडळींनी त्यात चांगलाच जम बसवला आहे. त्यांच्या वाटचालीवरून काढलेली ही कृती. यात मतांच्या आधी रेडिओ यावा लागतो.

१. गाणी लावण्यापासून सुरुवात करा. रश लिम्बॉ शाळेत असतानाच मिझुरीतल्या केप जिरार्डो या आपल्या गावच्या केंद्रावर काम करत होता. ग्लेन बेकही आधी पॉप गाण्यांचा डीजेच. गायक तोंड उघडायच्या आत आपलं वाक्य संपवायचं, हा सराव तिथेच होतो.

२. नोकरी जाणार हे धरूनच चाला. लिम्बॉला एकाहून जास्त केंद्रांनी काढलं. मधली काही वर्षं तर त्याने कॅन्सस सिटी रॉयल्स या बेसबॉल संघाच्या कचेरीत काढली. शॉन हॅनिटी बांधकामाची कामं घ्यायचा. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या केंद्रावर त्याला माईक मिळाला, तोही वादानंतर गेला. मग अलाबामा, मग अटलांटा. तेव्हा हाताशी दुसरं काम ठेवा आणि बिऱ्हाड हलवायची तयारी ठेवा.

३. मोकळी झालेली खुर्ची पकडा. १९८४ मध्ये सॅक्रामेंटोच्या केएफबीके केंद्रावर मॉर्टन डाउनी ज्युनियर या निवेदकाची जागा रिकामी झाली, ती लिम्बॉला मिळाली. पाहुणे बोलावण्याऐवजी त्याने सगळा भार स्वतःच्या आवाजावर घेतला. हे जमलं तर श्रोता विषयासाठी नाही, तुमच्यासाठी रेडिओ लावतो.

४. तासाचा आराखडा कागदावर मांडा. सुरुवातीला बातम्या, मग बोलण्याचे तुकडे आणि मध्ये जाहिराती. प्रत्येक जाहिरातीआधी मुद्दा अर्धवट सोडा: आरोप सांगा, पुरावा ब्रेकनंतर. गादी किंवा सोन्याची जाहिरात स्वतः वाचायची असेल, तर बोलण्याचा सूर बदलू नका.

५. फोन गाळून घ्या. आलेला प्रत्येक फोन आधी सहायक घेतो आणि नाव, गाव, मुद्दा तुमच्या पडद्यावर टाकतो. रांगेतला पहिला असेल त्याला नव्हे, कार्यक्रम पुढे नेईल त्याला घ्या. विरोधक आला तर त्याला आधी घ्या; भांडणाला श्रोते थांबतात. प्रक्षेपण काही सेकंद उशिराने जातं, त्यामुळे शिवी आली तर बटण दाबून ती कापता येते.

६. एका केंद्रावरून अनेक केंद्रांवर जा. वादग्रस्त विषयाची दुसरी बाजूही ऐकवण्याचं केंद्रांवरचं बंधन १९८७ मध्ये उठलं आणि एकतर्फी कार्यक्रमांना वाट मोकळी झाली. १ ऑगस्ट १९८८ ला लिम्बॉचा कार्यक्रम न्यूयॉर्कहून देशभर सुरू झाला, सुरुवातीला ५६ केंद्रांवर. केंद्रांकडून रोख पैसे मागण्याऐवजी कार्यक्रमातली काही जाहिरातींची मिनिटं घ्यायची, अशी त्याची मांडणी होती. दुपारची वेळ भरायला झगडणाऱ्या छोट्या एएम केंद्रांना हा सौदा परवडला आणि पुढे केंद्रांची संख्या ६०० च्या वर गेली.

७. जाहिरातदार आणि पक्ष, दोघांशी अंतर सांभाळा. २०१२ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थिनीबद्दल गलिच्छ बोलल्यावर लिम्बॉला माफी मागावी लागली, तरी बरेच जाहिरातदार निघून गेले. पक्षाशी जवळीक फळतेही: इंडियानात रेडिओ कार्यक्रम करणारे माइक पेन्स पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाले. पण पक्षाचा प्रवक्ताच झालात, तर पक्ष चुकेल त्या दिवशी तीन तास बोलायचं काय, हा प्रश्न उरतो.

८. करार करताना ध्वनिमुद्रणाचे हक्क स्वतःकडे ठेवा. एएम ऐकणारा वर्ग म्हातारा होत चालला आहे. नवे श्रोते पॉडकास्टवर आहेत. उद्या केंद्राने काढलंच, तर तुमचा आवाज आणि श्रोते तरी तुमच्याबरोबर यायला हवेत.