मुक्या सोबत्याचे दात

माणसाची कितीतरी कामे त्याचे हात करतात. कुत्र्याला हात नाहीत. म्हणून ती सारी कामे त्याला तोंडाने करावी लागतात. अन्न फाडणे, चावणे, अंगावरच्या पिसवा टिपणे, फेकलेला चेंडू उचलून आणणे, वेळप्रसंगी शत्रूला दूर ठेवणे, या सर्वांसाठी त्याला दातांचाच आधार असतो. हाड फोडणाऱ्या याच दातांत कुत्री आपल्या पिलाचे मानेवरचे कातडे धरते व त्याला एका जागेहून दुसऱ्या जागी नेते. तरी पिलाला ओरखडासुद्धा उठत नाही. बळ आणि नाजूकपणा यांचा असा मेळ क्वचितच पाहावयास मिळतो. अशा या दातांची निगा कशी राखावी, आणि विशेषतः कुत्रा दातांना ब्रश लावू देत नसेल तर काय करावे, याचा विचार आपण या पाठात करू.

पिलाला प्रथम दुधाचे २८ दात येतात. ते सुमारे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसू लागतात. पुढे ते पडून त्यांच्या जागी कायमचे दात येतात आणि सहा-सात महिन्यांचे होईतो पिलाच्या तोंडात ४२ दात झालेले असतात. माणसाला असतात ३२; म्हणजे आपल्या सोबत्याचे दात आपल्याहून १० जास्त. त्यांपैकी १२ पटाशीचे दात, ४ सुळे, १६ उपदाढा आणि १० दाढा असतात. वरच्या जबड्यातील शेवटची उपदाढ व खालच्या जबड्यातील पहिली दाढ या कात्रीच्या दोन पात्यांप्रमाणे एकमेकींवर घासत जातात. कुत्रा कठीण वस्तू तोंडाच्या कोपऱ्यात नेऊन चावतो, त्याचे कारण हेच.

आपल्याप्रमाणे कुत्र्याचे दात सहसा किडत नाहीत. त्याचा शत्रू निराळा आहे. खाल्ल्यानंतर दातांवर सूक्ष्म जंतूंचा एक चिकट, पातळ थर बसतो. तो पुसला गेला नाही, तर लाळेतील क्षार त्यात मिसळून दोन-तीन दिवसांत तो घट्ट होऊ लागतो. यालाच आपण कीटण म्हणतो. कीटणाचा पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे त्यावर नवा थर अधिकच लवकर बसतो. लाळेची एक नलिका वरच्या मोठ्या उपदाढेजवळ गालात उघडते. म्हणून त्या दाताच्या बाहेरच्या बाजूला कीटण विशेष साचते. थर हळूहळू हिरडीखाली शिरतो, हिरडी लाल होते, सुजते, तिच्यातून रक्त येते. पुढे दाताला धरून ठेवणारे हाडच झिजू लागते व दात हलू लागतो. पोमेरेनियन, पग यांसारख्या लहान जातींच्या कुत्र्यांचे दात छोट्या जबड्यात दाटीवाटीने बसलेले असतात. म्हणून त्यांना हा विकार अधिक जडतो.

येथेच मुक्या प्राण्याचे दुःख सुरू होते. आपली दाढ दुखू लागली, तर आपण घर डोक्यावर घेतो. कुत्रा मात्र वेदना लपवतो. दात दुखत असतानाही तो जेवत राहतो. कारण भुकेपुढे त्याचा इलाज नसतो. “तो नीट जेवतो आहे, म्हणजे त्याचे दात चांगले असलेच पाहिजेत,” असे मानून आपण निश्चिंत राहतो. ही समजूत चुकीची आहे. तोंडाला घाण वास येणे, एकाच बाजूने चावणे, घास तोंडातून खाली पडणे, पंजाने तोंड घासणे, आवडते खेळणे अकस्मात टाकून देणे, ही त्याची गाऱ्हाणी होत. वरच्या दाढांच्या मुळाशी पू झाला, तर डोळ्याखाली सूज दिसते. पाहणाऱ्याला वाटते, डोळ्यालाच काही लागले असावे. ही अक्षरे वाचावयास शिकणे, हे पाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

हिरडीखाली शिरण्यापूर्वीच तो थर पुसून टाकणे, हा या विकारावरचा सर्वांत चांगला उपाय. त्यासाठी मऊ ब्रशने रोज दात घासण्याइतके गुणकारी दुसरे साधन नाही. परंतु पुष्कळ कुत्र्यांना ते मुळीच खपत नाही. ब्रश पाहताच कोणी पलंगाखाली जाते, कोणी मान फिरवते, कोणी गुरगुरते. मग घरातील माणसे त्याला हट्टी ठरवतात. दोघे जण त्याचे अंग दाबून धरतात आणि तिसरा त्याच्या तोंडात ब्रश खुपसतो. त्या दिवशी दात घासले जातातही. पण दुसऱ्या दिवशी कुत्रा ब्रशलाच नव्हे, तर त्या हातालाही भिऊ लागतो. जोराने मिळवलेला हा विजय फार महाग पडतो.

कुत्रा का नाकारतो, हे आधी पाहिले पाहिजे. कदाचित त्याची हिरडी आधीच दुखत असेल. सुजलेल्या हिरडीवर ब्रश फिरवणे म्हणजे जखमेवर हात घासणे होय. अशा वेळी प्रथम पशुवैद्याकडून तोंड तपासून घ्यावे. दुखणे नसेल, तर कारण बहुधा अनोळखीपणाचे असते, आणि त्यावर उपाय आहे.

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांना पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या तोंडाला अन्न समोर येण्यापूर्वीच, ते आणणाऱ्या माणसाच्या चाहुलीनेही पाणी सुटे. एखादी खूण आणि अन्न यांची वारंवार जोड घातली, की पुढे नुसत्या खुणेनेही कुत्र्याच्या मनात अन्नाची आशा जागी होते, हे पाव्हलोव्ह यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. हाच नियम आपल्याला उपयोगी पडतो. ब्रशची जोड भीतीशी न घालता आनंदाशी घालावयाची.

समजा, तुमच्या घरी मोती नावाचा कुत्रा आहे. पहिले काही दिवस ब्रश बाहेर काढूच नये. मोती फिरून आला, शांत बसला, की त्याच्या गालावरून हात फिरवावा, ओठ क्षणभर वर उचलावा आणि लगेच त्याच्या आवडीचा छोटा घास द्यावा. तो याला सरावला, की बोटाला स्वच्छ, ओले, मऊ फडके गुंडाळून ते सुळ्यांच्या बाहेरच्या बाजूवरून एकदाच फिरवावे. पुढे कुत्र्यांसाठी बनवलेली दंतपेस्ट बोटावर घेऊन चाटू द्यावी. त्यानंतर मऊ ब्रश आणावा आणि प्रथम दोन-तीन दातच घासावेत. मग दिवसागणिक थोडे थोडे मागे, दाढांकडे जावे. आतली बाजू बव्हंशी त्याची जीभच साफ ठेवते. म्हणून बाहेरची बाजू घासली तरी पुष्कळ झाले. मोतीने मान वळवली, अंग ताठ केले, तर तेथेच थांबावे व दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे येऊन पुन्हा सुरुवात करावी. गुरगुरणे ही त्याची सूचना असते. तिच्याबद्दल त्याला मारू नये. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, असे आपण म्हणतो. शेपटाचे काहीही असो. सवय मात्र प्रेमाने आणि धीराने खात्रीने सरळ होते.

एक सावधगिरी मात्र विसरू नका. हे काम घरातील मोठ्या माणसांनी करावे. मुलांनी जवळ बसून मदत करावी. अनोळखी कुत्र्याच्या तोंडाजवळ हात कधीही नेऊ नये. कुत्र्याचा दात लागलाच, तर जखम साबण व वाहते पाणी यांनी १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. कारण रेबीज हा रोग एकदा उद्भवला, की तो बहुधा प्राण घेतल्यावाचून राहत नाही.

इतके करूनही काही कुत्रे ब्रश स्वीकारत नाहीत. म्हणून हात टेकण्याचे कारण नाही. फडके गुंडाळलेले बोट ज्याला चालते, त्याला तेच साधन पुरे. दात घासले जावेत अशा रीतीने बनवलेल्या चघळण्याच्या कांड्या मिळतात. काही खाद्याचे दाणे मुद्दाम मोठे व तंतुमय केलेले असतात. दात रुतला तरी दाणा चटकन फुटत नाही व दाताची बाजू पुसली जाते. पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतुनाशक मलम किंवा पाण्यात मिसळावयाचे औषधही वापरता येते. अशी साधने खरोखर उपयोगी आहेत की नाहीत हे पारखण्यासाठी अमेरिकेत १९९७ साली ‘व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या कसोटीस उतरलेल्या वस्तूंना तिची मोहोर मिळते. अर्थात, यांतील कोणतेही साधन ब्रशची बरोबरी करीत नाही. परंतु काहीच न करण्यापेक्षा थोडे नियमाने करणे केव्हाही बरे. चघळण्याच्या कांडीतूनही पोटात अन्न जाते, हे ध्यानात ठेवून त्या दिवशीचे जेवण तेवढे कमी करावे.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. “हाड चघळले की दात आपोआप साफ होतात,” असे पुष्कळांना वाटते. शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार कपच्या निघतात व त्या घशात किंवा आतड्यात रुततात; शिवाय कठीण हाडाने दाढेचाच टवका उडतो. वस्तू फार कठीण आहे की नाही, हे ओळखण्याची सोपी खूण अशी : तिच्यावर नख दाबावे, नख मुळीच रुतले नाही, तर ती वस्तू दातांसाठी योग्य नव्हे. माणसांची दंतपेस्ट कुत्र्याला लावू नये. त्याला चूळ भरता येत नाही. सारी पेस्ट पोटात जाते. काही पेस्टींत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. तो आपल्याला बाधत नाही. कुत्र्याच्या रक्तातील साखर मात्र त्याने एकाएकी धोकादायक इतकी उतरते आणि यकृतालाही इजा पोचू शकते. घट्ट झालेले कीटण घरी चाकूने वा हत्याराने खरवडू नये. वरून दात पांढरा दिसला, तरी रोग हिरडीखाली तसाच राहतो.

ते काम पशुवैद्याचे. तो कुत्र्याला भूल देऊन हिरडीखालचेही कीटण काढतो, दात तपासतो आणि वाचण्यासारखा नसलेला दात काढून टाकतो. भूल देण्याचे ऐकून पुष्कळ जण कचरतात. परंतु जागा कुत्रा तोंड उघडून स्थिर बसत नाही, आणि त्याला वेदना होऊ नयेत, हेही पाहावेच लागते. मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. मुक्या जिवांवर उपचार करणे हे शास्त्र आहे, ते शिकावे लागते, ही जाणीव आपल्याकडे इतकी जुनी आहे. वर्षातून एकदा तरी कुत्र्याचे तोंड तज्ज्ञाला दाखवावे.

कुत्रा आपल्याला आपले दुखणे सांगत नाही आणि औषधही मागत नाही. पण रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसणाऱ्या माणसापुढे तो एक दिवस आपण होऊन तोंड उघडतो. ज्या तोंडाने तो साऱ्या जगाला दूर ठेवू शकतो, तेच तोंड तो आपल्या हाती सोपवतो. त्या विश्वासाला पात्र राहणे, हीच त्याच्या दातांची खरी निगा होय.

स्वाध्याय

१. कुत्र्याच्या दातांवर कीटण कसे तयार होते, ते क्रमाने लिहा.
२. “ही अक्षरे वाचावयास शिकणे, हे पाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.” येथे ‘अक्षरे’ हा शब्द कोणत्या अर्थाने योजला आहे?
३. पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगांचा मोतीला सवय लावताना कसा उपयोग होतो?
४. कारणे द्या : (अ) माणसांची दंतपेस्ट कुत्र्याला लावू नये. (आ) कीटण घरी खरवडू नये.
५. वाक्यांत उपयोग करा : घर डोक्यावर घेणे, हात टेकणे, कसोटीस उतरणे.
६. तुमच्या परिसरातील एखाद्या पाळीव प्राण्याचे आठवडाभर निरीक्षण करा व तो आपल्या गरजा कोणकोणत्या खुणांनी सांगतो, ते दहा ओळींत लिहा.