जुन्या मोटारीचे पाणी निवविणारे भाग व त्यांची पारख

खानदेशांत जुनी मोटार किंवा जीप बाळगणारे शेतकरी पुष्कळ आहेत. खत-बियाणें आणणें, रावेर-यावलकडील केळीच्या बागेवर जाणें, आजाऱ्यास जळगांवीं पोंचविणें, हीं कामें ती बिचारी वर्षानुवर्षें करीत असते. परंतु ज्या कारखान्यांनीं या गाड्या घडविल्या, त्यांतील कित्येकांनीं त्या घडविणें केव्हांच सोडलें. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी या शतकाच्या आरंभासच थांबली. मारुति ८०० चें उत्पादन २०१४ च्या जानेवारींत संपलें, आणि उत्तरपाड्याची अँबॅसॅडर त्याच वर्षीं मे महिन्यांत बंद पडली. गाडी घडविणारा थांबला तरी ती चालविणारा थांबत नाहीं. त्याला लागणारे सुटे भाग मग नाना ठिकाणचे लहान कारखाने पुरवूं लागतात. त्यांतील कांहीं उत्तम असतात, व कांहीं केवळ आकारानेंच मूळ भागासारखे असतात.

प्रस्तुत लेखाचा विषय इंजिन थंड राखणाऱ्या भागांपुरताच मर्यादित ठेविला आहे. कारण येथें भाग स्वस्त असतो, पण त्यांतील दोष फार महाग पडतो. कांहींशें रुपयांच्या थर्मोस्टॅटपायीं हेड वांकतें, गॅसकेट उडते, आणि खर्च हजारांच्या घरांत जातो. म्हणून नवा भाग म्हणजे निर्दोष भाग, ही समजूत आधीं सोडून दिली पाहिजे.

दोष हिंवाळ्यांत कां दिसत नाहीं

रेडिएटर हवेला जी उष्णता देतो, ती पाणी व हवा यांच्या उष्णतामानांतील अंतराच्या प्रमाणांत असते. इंजिनांतील पाणी ९० अंश सेंटिग्रेड व पौषांतील सकाळची हवा १५ अंश असली, तर अंतर ७५ अंशांचें. वैशाखांत जळगांव-भुसावळकडे दुपारची हवा ४५ अंशांवर जाते, तेव्हां अंतर उरतें अवघें ४५ अंशांचें. म्हणजे तोच रेडिएटर व तोच पंखा असतांना उष्णता बाहेर टाकण्याची शक्ति पांचांतील तीन हिश्शांवर येते. अर्थात् जो भाग मुळांतच उणा आहे, तो पौषांत निभावून जातो व वैशाखांत दगा देतो.

समजा, मेहरूणच्या एका शेतकऱ्यानें दिवाळीच्या सुमारास नवा पंप बसविला. हिंवाळाभर गाडी निर्वेध चालली. आखाजीला लेकीस माहेरीं आणावयास तो निघाला आणि अजिंठ्याच्या घाटांत पाणी उकळलें. दुकानदार म्हणतो, "सहा महिने चालला, तेव्हां माल चांगलाच होता, तुमचें इंजिन जुनें." मिस्त्री म्हणतो, "ऊन फार आहे, भाऊ." या दोघांनाही उत्तर देण्यास शेतकऱ्यापाशीं कांहींच पुरावा नसतो, कारण भाग घेतला त्या दिवशीं त्यानें तो तपासलेला नव्हता.

पेरणीपूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून उगवण पाहण्याची रीत आपणांस ठाऊक आहे. पिशवीवर कांहींही छापलेलें असो, आपण दाण्यास विचारतों. हीच रीत सुट्या भागांस लावावी, एवढेंच या लेखाचें सांगणें आहे.

भागवार परीक्षा

(१) रेडिएटरचें झांकण. हें केवळ पाणी सांडूं नये म्हणून नसतें. तें दाब धरून ठेवतें. उघड्या भांड्यांत पाणी सुमारें १०० अंशांस उकळतें. दर चौरस इंचास ७ पौंड दाब धरणाऱ्या झांकणाखालीं तें सुमारें १११ अंशांपर्यंत, व १३ पौंडी झांकणाखालीं सुमारें ११९ अंशांपर्यंत उकळत नाहीं. नव्या झांकणाची कमान कमकुवत असली तर पाणी लवकर उकळून बाहेर जातें. उलट ७ पौंडी जुन्या रेडिएटरवर १३ पौंडी झांकण चढविलें, तर डाग दिलेले जुने सांधे फुटतात. म्हणून "बसतें कीं नाहीं" हें न पाहतां गाडीच्या पुस्तिकेंतील आंकडा पाहावा. झांकण किती दाब धरतें हें मोजण्याचा हातपंप चांगल्या गॅरेजांत असतो. त्यावर तें तपासून घ्यावें. झांकणाच्या मध्यें दुसरी एक लहान झडप असते. ती नखानें ओढून सोडली असतां आपोआप मिटली पाहिजे. ही झडप अडकली, तर गाडी निवल्यावर वरची रबरी नळी आंत ओढली जाऊन चपटी होते.

(२) थर्मोस्टॅट. याच्यावर तो उघडण्याचा अंश कोरलेला असतो; उदाहरणार्थ, ८२. पातेल्यांत पाणी घेऊन त्यांत तो दोऱ्यानें असा टांगावा कीं तळास लागणार नाहीं. जवळच उष्णतामापक धरावा व पाणी हळूहळू तापवावें. ८२ च्या आसपास तो उघडूं लागला पाहिजे, व सुमारें ९५ अंशांस पूर्ण उघडून फट ८ मिलिमीटरच्या जवळपास झाली पाहिजे. पाणी निवतांना तो पुन्हां घट्ट मिटला पाहिजे. हा प्रयोग तीन वेळां करावा, कारण सदोष थर्मोस्टॅट पहिल्या वेळीं उघडतो व तिसऱ्या वेळीं अडकतो असें होऊं शकतें. बसवितांना मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूस, व हवा जाण्याचें बारीक भोंक असल्यास तें वरच्या अंगास असावें.

उन्हाळ्यांत थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची चाल आपल्याकडे आहे. ती घातक आहे. इंजिन पुरेसें न तापल्यानें इंधन अधिक जातें, तेल बिघडतें व झीज वाढते. शिवाय कांहीं इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतांना आडवाटेचा मार्ग बंद करीत असतो. तो काढल्यास पाण्याचा बराच भाग रेडिएटरकडे न जातां आंतल्याआंत फिरतो, व गाडी थंड होण्याऐवजीं अधिकच तापते.

(३) पाण्याचा पंप. जुना पंप भंगारांत देण्यापूर्वीं नव्याच्या शेजारीं ठेवून मापें घ्यावीं. आंतील चक्राचा व्यास, पात्यांची संख्या, पात्यांची उंची व वळणाची दिशा, आणि आंसाची लांबी, हीं सर्व जुळलीं पाहिजेत. चक्र लहान असलें किंवा घरापासून दूर राहिलें, तर पंप फिरतो पण पाणी ढकलीत नाहीं. चक्र आंसावर घट्ट बसलें आहे कीं नाहीं हें एका हातानें आंस धरून दुसऱ्या हातानें चक्र पिळून पाहावें; तें जरासेंही सरकलें तर पंप परत करावा. आंस फिरवितांना खरखर लागूं नये व तो हलूं नये. पंपाच्या अंगास खालीं एक बारीक भोंक असतें. तेथून पाणी ठिबकूं लागलें म्हणजे आंतील सील गेलें असें समजावें. तें भोंक बुजविणें म्हणजे धुराची खूण लपवून आग राखण्यासारखें आहे.

(४) रबरी नळ्या. खालची नळी पंपाच्या ओढीच्या बाजूस असते. तिचें रबर मऊ असून आंत तारेची कमान नसेल, तर इंजिन जोरांत असतां ती आंत ओढली जाऊन चपटी होते, व पाणी अडतें. गाडी उभी असतांना हा दोष मुळींच दिसत नाहीं. म्हणून मिस्त्र्याकडून इंजिनाचा वेग वाढवून घ्यावा, व आपण पंख्यापासून सुरक्षित अंतरावर राहून, सैल उपरणें, पदर वगैरे आवरून, नळीकडे पाहावें. नळीस मोड पडत असेल तर ती लांबीस बरोबर असली तरी घेऊं नये.

(५) रेडिएटर. जुना तांब्या-पितळेचा, तीन रांगा नळ्यांचा रेडिएटर काढून त्याच मापाचा दोन रांगांचा बसविला, तर बाहेरून कांहींच कळत नाहीं. झांकण काढून आंतील रांगा मोजाव्या. सर्व तोंडें बंद करून, पाण्याच्या टाकींत बुडवून, अगदीं कमी दाबानें हवा भरावी. बुडबुडे आले तेथें गळती. बसवून गाडी तापल्यावर व इंजिन बंद करून पुढच्या जाळीवर दुरून उष्णतामान दाखविणारें मापक फिरवावें. मध्येंच एखादा पट्टा थंड लागला तर तेथील नळ्या बुजलेल्या आहेत.

(६) पंखा, पट्टा व कांटा. विजेच्या पंख्याच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर तो उलटा फिरतो व गाडीच्या वेगाविरुद्ध हवा ढकलतो. जाळीपुढें कागदाचा कपटा धरावा. तो जाळीस चिकटला पाहिजे. पट्टा सर्वसाधारणपणें मध्यावर आंगठ्यानें दाबला असतां अर्ध्या इंचाच्या आसपास दबावा. उष्णतामान दाखविणारी नवी कळ दुसऱ्या जातीची असली तर कांटा खोटें बोलतो. म्हणून थर्मोस्टॅटच्या घराजवळील रंगविलेल्या भागावर मापक धरून कांट्याशीं एकवार ताळा घ्यावा. चकचकीत धातूवर तें मापक चुकीचें वाचतें, हें ध्यानांत असावें.

सावधगिरीच्या दोन गोष्टी

तापलेल्या रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये. दाब सुटतांच पाणी उसळून तोंड भाजतें. दुसरें, आपल्याकडील बहुतेक विहिरींचें व बोअरचें पाणी जड असतें. त्यानें आंत चुन्याचा थर बसून नवा भागही थोड्या दिवसांत जुना होतो. बॅटरीस घालतात तसें शुद्ध पाणी व योग्य प्रमाणांत कूलंट वापरावें. मात्र अनेक कूलंटांत असणारें ग्लायकॉल चवीस गोड व विषारी असतें. काढलेलें कूलंट गोठ्याच्या नालींत ओतल्यास गाई-बैल व कुत्रीं तें पिऊन मरतात. तें बंद डब्यांत ठेवावें व मुलांपासूनही दूर ठेवावें.

एका वेळीं एकच भाग

पंप, थर्मोस्टॅट व झांकण एकाच दिवशीं बदललीं आणि गाडी तापली, तर दोषी कोण हें ठरत नाहीं. शक्य तेथें एक भाग बदलून गाडी चालवावी, मग दुसरा बदलावा. प्रत्येक वेळीं वहींत तारीख, किलोमीटरचा आंकडा, भागाचें नांव व त्यावरील खूण, दुकान, किंमत व परीक्षेचा निकाल लिहावा. सात-बारावर नोंद नसली म्हणजे हक्क सिद्ध करतांना काय यातायात पडते, हें शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको.

बसविल्यावरची चांचणी लगेच करावी: भर दुपारीं, ओझें भरून, चढाच्या रस्त्यावर. थंडीचे दिवस असल्यास रेडिएटरचा कांहीं भाग पुठ्ठ्यानें झांकून, मिस्त्री जवळ असतांना व कांट्यावर नजर ठेवून, थोडा वेळ गाडी चालवावी, म्हणजे वैशाखाची झळ अंशतः पौषांतच पाहतां येते. कांटा वर चढूं लागतांच गाडी थांबवावी.

भाग सदोष निघाल्यास

ही घाई कशासाठीं, तें कायद्यांत आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलांत आला. बिल न देणें ही त्यांत अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. तसेंच सदोष माल बिलांत लिहिलेल्या मुदतींत, व मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणें ही देखील अनुचित प्रथाच होय. म्हणजे दिवाळींत घेतलेल्या पंपाची परीक्षा वैशाखानें करावी, अशी वाट पाहणाराचा हा सोपा मार्ग आधींच निघून जातो.

दोष सांपडतांच भाग तसाच ठेवून दोन माणसांसमक्ष छोटा पंचनामा करावा: काय आढळलें, केव्हां, किती किलोमीटरवर, मिस्त्र्याची सही घ्यावी व छायाचित्रें काढावीं. दुकानदारास लेखी कळवून पोंच ठेवावी. भाग त्याच्या हवालीं करावयाचा असल्यास पावतीशिवाय करूं नये. पुरावा गेला कीं तक्रार गेली. भागाच्या दोषामुळें इंजिनाचें हेड गेलें असल्यास त्या नुकसानीबद्दलही विक्रेता व उत्पादक यांजवर दावा करण्याची तरतूद या अधिनियमांत आहे. मात्र भाग गैररीतीनें वापरला किंवा कापून-घांसून बसविला असल्यास विक्रेत्यास बचाव मिळतो.

समजूत न पटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर सांगावें, किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करावा. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यांतही अर्ज करतां येतो, मग दुकान मुंबईस असो वा दिल्लीस. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मालाची किंमत पांच लाखांपर्यंत असल्यास फी नाहीं. वकील दिलाच पाहिजे असेंही नाहीं. व्यापारासाठीं घेतलेल्या मालास हा कायदा लागू नाहीं, परंतु स्वतः राबून केवळ उपजीविका चालविणाऱ्यानें त्याकरितां घेतलेला माल त्या अपवादांत मोडत नाहीं.

सारांश, बिलाशिवाय भाग घेऊं नये, पाहिल्याशिवाय बसवूं नये, जुना भाग मापल्याशिवाय टाकूं नये, आणि तीस दिवस चांचणीशिवाय जाऊं देऊं नयेत. एवढें पाळणाऱ्यास दोष निघालाच, तर तो आपल्या अंगणांत व मुदतीच्या आंत सांपडेल, घाटांत सांपडणार नाहीं.