ब्राउझरमधली कुकी

कुकी म्हटले की बिस्किट आठवते. पण मोबाइलमधली कुकी म्हणजे एक बारीकशी चिठ्ठी असते. आपण ब्राउझरमध्ये वेबसाइट उघडली की ती वेबसाइट आपल्या मोबाइलमध्ये ही चिठ्ठी ठेवते. पुन्हा तिथे गेलो की चिठ्ठी बघून ती आपल्याला ओळखते. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू मोंटुली यांनी ही युक्ती काढली. ती उपयोगाचीच आहे. तिच्यामुळे दर वेळी पासवर्ड टाकावा लागत नाही.

मग बिघडले कुठे? समजा, आठवडी बाजारात आपण चपला पाहिल्या, मग बियाणे पाहिले, मग औषधाच्या दुकानात गेलो. आणि एकच माणूस प्रत्येक दुकानात बसून आपले सगळे वहीत टिपतो आहे! जाहिरात कंपन्यांचे असेच चालते. एकाच कंपनीच्या जाहिराती पुष्कळ वेबसाइटवर असतात, म्हणून तिची चिठ्ठी सगळीकडे चालते. हिला थर्ड पार्टी कुकी म्हणतात, म्हणजे तिसऱ्याचीच कुकी.

आमच्या घरी मोबाइल एकच. आईने गुडघेदुखीचे औषध शोधले, की मी अभ्यासाला मोबाइल घेतल्यावर पानोपानी गुडघ्याचे तेल! गुडघ्याचे एक वेळ ठीक आहे. पण माणूस चारचौघांत न सांगण्यासारखा आजारही शोधतो. तो घरात सगळ्यांना का दिसावा?

यावर ‘डू नॉट ट्रॅक’ अशी एक सोय निघाली होती. ब्राउझर वेबसाइटला सांगायचा, माझा माग काढू नका. पण ती नुसती विनंती. बहुतेकांनी ऐकलीच नाही. फायरफॉक्सने तर २०२५ साली ती काढून टाकली.

विनंतीपेक्षा कडी लावलेली बरी. क्रोममध्ये कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबावे. सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग थर्ड पार्टी कुकीज उघडून त्या ब्लॉक कराव्यात. सफारी ब्राउझर २०२० पासून त्या आपणहून अडवतो. जाहिराती दिसतातच, पण मागे लागणे कमी होते. मात्र आपण एखाद्या कंपनीच्या खात्यात लॉगिन केलेले असेल तर ती आपल्याला ओळखतेच, तिथे ही कडी चालत नाही.

आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झाला. १८ वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवू नयेत, असे त्यात आहे. पण आमचा मोबाइल बाबांच्या नावावर. तो हातात घेऊन बसलेली मी सातवीतली मुलगी आहे, हे कंपनीला कसे कळणार?