आधी थांबणं, मग धावणं

पुणे

चि. बाळ,

तुझं पत्र आणि ट्रकचे फोटो पोचले. १९५० सालचा शेव्हरोले ३१००, अर्ध्या टनाचा पिकअप, आणि मिशिगनच्या, बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर राहूनही केबिनचा पत्रा शाबूत, हे भाग्यच म्हणायचं. त्याचा रुबाबदार ‘स्ट्रीट क्रूझर’ करायचा आणि ऑगस्टात डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवरच्या ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या फेरीला न्यायचा, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. पण तुझ्या यादीत पहिला क्रमांक व्ही-एट इंजिनाचा, दुसरा रंगाचा, तिसरा चाकांचा, आणि ब्रेकपुढे ‘नंतर बघू’ एवढंच लिहिलेलं आहे. आजचं पत्र त्या दोन शब्दांसाठी. माझं म्हणणं थोडक्यात असं, की ट्रक ज्या वेगावरून खात्रीनं थांबवता येतो, तेवढाच वेग त्याला द्यावा. म्हणून कामाचा क्रम आधी थांबणं, मग वळणं, मग धावणं आणि सगळ्यांत शेवटी दिसणं, असा हवा.

हा क्रम पटायचा तर मूळ ट्रक कशासाठी बनला होता ते आधी समजून घे. १९४७ च्या उन्हाळ्यात शेव्हरोलेनं हे मॉडेल बाजारात आणलं ते शेतकरी, सुतार, दुकानदार अशा कामकऱ्यांसाठी. त्याचं इंजिन एका रांगेत सहा सिलिंडरचं, २१६ घनइंची, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं, आणि ताकद नव्वद अश्वशक्तीच्या घरात. कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं ओतीव बॅबिट धातूची, आणि रॉडच्या टोकाला असलेल्या छोट्या पळीनं तेल उडवून त्यांना वंगण मिळायचं. असं इंजिन तासन्‌तास चढ्या फेऱ्यांवर पळवायचं नसतं. मागच्या अ‍ॅक्सलचं प्रमाण ४.११. चाकाचा एक फेरा होईस्तोवर वरच्या गिअरमध्येही इंजिनाचे चारांहून जास्त फेरे होतात. ताशी ७० मैल गाठायचे तर इंजिनाला मिनिटाला साडेतीन हजारांच्या आसपास फेरे घ्यावे लागतील, म्हणजे आपल्या ताकदीच्या अगदी टोकाला जावं लागेल. ताशी ४५-५० मैलांवर मात्र तो सुखानं चालतो. त्याच्या काळाचे रस्तेही तसेच होते. अमेरिकेतल्या आंतरराज्य महामार्गांच्या जाळ्याचा कायदा १९५६ चा, आणि तुझा ट्रक त्याच्या सहा वर्षं आधीचा. इंजिन, अ‍ॅक्सल, ब्रेक, टायर आणि रस्ता ही सगळी मंडळी एकमेकांना धरून होती. जुन्या यंत्राचं शहाणपण या समतोलात असतं. तू इंजिन बदललंस की त्यातला एकच गडी तिप्पट बलवान होतो आणि बाकीचे आहेत तिथंच राहतात.

आता हिशेब पाहा. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे तू शाळेत शिकलास. ताशी ४५ मैलांवरून ७० मैलांवर गेलं की वेग दीडपटीहून थोडाच जास्त होतो, पण ऊर्जा जवळजवळ २.४ पट होते. ती सगळी ब्रेकला उष्णतेत बदलून हवेत सोडायची असते. समजा, ब्रेक गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणानं वेग कमी करतात. मग ४५ मैलांवरून थांबायला सुमारे ४१ मीटर लागतील आणि ७० मैलांवरून सुमारे १००. शिवाय धोका दिसल्यापासून पाय पेडलवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो, असं धरलं तर तेवढ्यात ७० मैलांवर आणखी ४७ मीटर मागे पडतात. वर हा हिशेब ब्रेक थंड आणि चोख आहेत असं धरून केलेला. ड्रम ब्रेकमध्ये उष्णता बंद डब्यात कोंडते. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, पेडल खाली जातं. चारांपैकी एका ड्रमनं लवकर धरलं तर ट्रक त्या बाजूला ओढतो. पाणी शिरलं तर काही क्षण पकडच मिळत नाही. याउलट डिस्क ब्रेकमधली डिस्क उघडी असते, लवकर निवते आणि पाणी फिरता फिरता झटकून टाकते. नवं इंजिन घेतल्यानं यातलं काहीही बदलत नाही, उलट प्रत्येक उणीव महाग होते.

केबिनमधली चटई उचल आणि ड्रायव्हरच्या पायाखाली पाहा. ब्रेकचं पेडल फळीतल्या भोकातून वर आलेलं आहे, आणि मास्टर सिलिंडर त्या फळीखाली चासीला लटकलेला आहे. त्यात तेलाचं एकच कोठार आणि चारही चाकांना मिळून एकच परिपथ. एका चाकाच्या सिलिंडरमधला रबरी कप फाटला, एखादी नळी गंजून फुटली, की चारही ब्रेक एका क्षणात जातात आणि हाती उरतो तो हँडब्रेक. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या ट्रकच्या सिलिंडरला आतून गंज धरतो. रबरी होज बाहेरून धड दिसला तरी आतून सुजलेला असतो. मग पाय काढला तरी दाब परतत नाही आणि एक चाक घासत राहतं. अमेरिकी गाड्यांत १९६७ च्या मॉडेलांपासून पुढच्या आणि मागच्या चाकांचे परिपथ वेगळे झाले, ते याच दोषावर उपाय म्हणून. तेव्हा दोन कोठारांचा मास्टर सिलिंडर, पुढे डिस्क, नव्या नळ्या आणि नवे होज हे तुझं पहिलं काम. एक बारकावा लक्षात ठेव. मास्टर सिलिंडर फळीखालीच ठेवलास तर तो कॅलिपरच्या, म्हणजे डिस्क आवळणाऱ्या पकडीच्या, खालच्या पातळीवर येतो आणि तेल उतारानं मागे सरकतं. ते अडवायला डिस्कच्या नळीत २ पीएसआयचा आणि ड्रमच्या नळीत १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह बसवावा लागतो. तो विसरला की पहिल्या दाबाला पेडल पोकळ लागतं, आणि भर रस्त्यात दुसऱ्यांदा दाबायला वेळ मिळेलच असं नाही. आणखी एक, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या झोतानं उडवू नकोस, ओल्या फडक्यानं टिपून घे.

थांबण्यापाठोपाठ वळणं आणि माणूस वाचणं. पुढचं चाक जॅकवर उचल आणि वर-खाली धरून हलव. खडखडलं तर बेअरिंग आणि किंगपिन-बुश दोन्ही तपास, आणि ते झाल्याशिवाय अलाइनमेंटला पैसे घालू नकोस. स्टिअरिंगचा दांडा एकसंध लोखंडी आहे, समोरून धडक बसली तर तो छातीकडे येतो. जनरल मोटर्सनं दबणारा कॉलम १९६७ मध्ये आणला, तसा बसव. सीटबेल्ट तुझ्या ट्रकला कधी नव्हतेच. ते लावताना नुसत्या पत्र्यात बोल्ट न घालता मागून जाड पट्टी दे. पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या पाठीमागे, माणसांच्या शेजारी आहे. ती हौद्याखाली, चासीच्या दोन दांड्यांच्या मध्ये न्यायची सोय होते, ती कर. मूळचं वायरिंग सहा व्होल्टचं. बारा व्होल्टचं करशील तेव्हा मागे दोन ठसठशीत ब्रेक लाइट आणि वळणाचे दिवे लाव. आपण थांबतोय हे मागच्याला कळणं, हेही थांबण्याचंच अंग आहे.

यावर तुझे आक्षेप मला दिसतात. पहिला आक्षेप असा, की याच ब्रेकवर लोकांनी हे ट्रक कितीतरी वर्षं चालवले. खरं आहे, पण त्या वेगानं, त्या रस्त्यांवर, आणि पुढे-मागे तसेच ब्रेक असलेल्या गाड्यांच्या गर्दीत. आज तुझ्या पुढची मोटार आधुनिक ब्रेकच्या जोरावर कितीतरी कमी अंतरात थांबेल आणि तिच्या मागे तू असशील. दुसरा आक्षेप, क्रूझर सावकाशच फिरवायचा असतो. वुडवर्डवर ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारच्या गर्दीत वेग कमीच असणार, पण तिथं पावलापावलाला थांबावं लागतं, आणि थांबत-थांबत चालण्यानंही ड्रम तापतात. शिवाय तिथवर पोचायला महामार्ग लागेल, आणि व्ही-एट बसवलेला माणूस तिथं ४५ वर राहील, असं तू स्वतःही छातीठोकपणे सांगणार नाहीस.

तिसरा आक्षेप जुन्या गाड्यांवर जीव असणाऱ्यांचा, आणि मला त्याचा आदर वाटतो. ते म्हणतील, की इतका अस्सल ट्रक कापून-छाटून का बाटवायचा? माझ्या क्रमात या आक्षेपाला उत्तर आहे. पुढचा मूळ अ‍ॅक्सल ठेवून बोल्टनं बसणारे डिस्क ब्रेक मिळतात. काढलेले ड्रम, शूज आणि मास्टर सिलिंडर तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेव. उद्या कोणाला तो मूळ रूपात आणावासा वाटला तर वाट मोकळी राहील. चासी कापली की ती वाट बंद होते. काहीजण सुचवतील, की शेव्हरोलेच्याच, बऱ्याच नंतरच्या एस-टेन पिकअपची चासीच घे आणि वर जुनं केबिन ठेव. त्यात ब्रेक आणि स्टिअरिंग आयते मिळतात, हे कबूल. पण मग जुन्या ट्रकची निव्वळ टोपी उरते, आणि बॉडीचे आधार, चाकांमधलं अंतर, कागदपत्रं अशा नव्या अडचणी दारात उभ्या राहतात. सुधारणा करायची तर मूळ वस्तू ओळखू येईल इतपतच करावी.

चौथा आक्षेप सगळ्यांत अवघड आहे. तू म्हणशील, ‘मामा, मागचा अ‍ॅक्सल तर बदलावाच लागणार, मग जुन्यावर ब्रेकचा खर्च का करू?’ बरोबर विचारशील. या ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट उघडा नाही. तो एका जाड नळीत बंद आहे, आणि अ‍ॅक्सलचा रेटाही तीच नळी चासीपर्यंत पोचवते. त्यामुळे आजचा गिअरबॉक्स लावायचा तर नळी जाते, नळी गेली की अ‍ॅक्सल जातो, आणि अ‍ॅक्सलबरोबर त्याचे ब्रेक. म्हणूनच हा क्रम हातात पाना घेऊन काम करण्याचा मानू नकोस, आधी तो ठरवण्याचा मान. शेवटी किती वेगानं चालवायचं आहे ते आज कागदावर लिही. त्याला पुरेल असा अ‍ॅक्सल आणि ब्रेक निवड आणि बसव. मगच इंजिनाची ऑर्डर दे. उलट क्रमानं गेलास तर आधी आलेलं इंजिन सगळं बजेट खाईल आणि ब्रेकच्या वाट्याला उरलंसुरलं येईल. अंथरूण पाहून पाय पसरायचे असतील तर व्ही-एटऐवजी १९५४ नंतरचं २३५ घनइंची सहा सिलिंडरचं इंजिन घे. ते त्याच घराण्यातलं आहे, त्यात बेअरिंगांना दाबानं तेल मिळतं, आणि बॉनेट उघडल्यावर ट्रकचा चेहराही तोच राहतो.

या सगळ्यात एक गोष्ट तुला इथून सांगणं मला अगत्याचं वाटतं. असा ट्रक पूर्वी आपल्याकडेही परका नव्हता. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता, आणि तिथं शेव्हरोलेच्या गाड्या नि ट्रक जोडले जात. पण आज पुण्यात कोणी हा उद्योग आरंभला तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं. नोंदणीपत्रात कंपनीचा जो तपशील आहे त्याच्याशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. मिशिगनमध्ये तुला मोकळीक आहे. तिथं गाडीची ठरावीक मुदतीनं सुरक्षा-तपासणीसुद्धा होत नाही. याचा अर्थ तुझ्या वेल्डिंगचा सांधा, ब्रेकच्या नळीचा नट आणि बेल्टचा बोल्ट तुझ्याखेरीज दुसरं कोणी पाहणार नाही. जिथं कायदा विश्वास टाकून बाजूला राहतो, तिथं आपलीच नजर कडक असावी लागते. रस्त्यावर तू एकटा नसतोस. सिग्नलला पोरं रस्ता ओलांडत असतात, आणि त्यांनी तुझ्या छंदाला होकार दिलेला नसतो.

म्हणून रंग कोणता द्यावा, हे मला आत्ता विचारू नकोस. वर्षभर प्रायमरवर फिरलास तरी ट्रकची शोभा कमी होणार नाही. पहिल्यांदा बाहेर काढशील तेव्हा रिकाम्या आवारात, आधी दहा, मग वीस, मग तीस मैलांवरून पूर्ण ब्रेक दाबून पाहा. प्रत्येक वेळी तो सरळ रेषेत थांबला, पेडल घट्ट राहिलं, आणि नंतर खाली वाकून पाहिल्यावर एकाही सांध्यापाशी तेलाचा थेंब दिसला नाही, की मला कळव. इंजिनाबद्दल आपण त्यानंतर बोलू.

तुझा,
मामा