नवी रासायनिक संयुगे आणि रोगजंतूंवरील त्यांची कसोटी

बुलढाणा जिल्हा म्हटला की कापूस, सोयाबीन, शेगावची वारी आणि लोणारचे सरोवर यांचे स्मरण प्रथम होते. तथापि याच जिल्ह्यात बुलढाणा, खामगाव, चिखली यांसारख्या ठिकाणी रसायनशास्त्र व औषधनिर्माणशास्त्र यांचे उच्च शिक्षण देणारी महाविद्यालये आहेत. १९८३ साली अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली. तेव्हापासून या विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयांत नवी कार्बनी संयुगे तयार करून जीवाणू, बुरशी व परोपजीवी यांवर त्यांचा परिणाम पाहणे हा संशोधनाचा एक नेहमीचा विषय झाला आहे. अशा कामाची वार्ता वर्तमानपत्रात आली म्हणजे ‘नवे औषध सापडले’ असा समज सहज पसरतो. हा समज चुकीचा आहे. पण तेवढ्यावरून हे संशोधन निरुपयोगी ठरविणेही तितकेच चुकीचे होय. या कामाचे खरे मोल कळण्यासाठी ते कसे चालते आणि त्याच्या कसोट्या कोणत्या, हे समजून घेतले पाहिजे.

संयुग कसे घडते?

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत वारंवार तयार होणाऱ्या ‘चाल्कोन’ या वर्गाचे उदाहरण घेता येईल. ॲसिटोफिनोन व बेंझाल्डिहाइड हे दोन पदार्थ अल्कोहोलमध्ये एकत्र करून त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण मिसळतात व मिश्रण काही तास ढवळतात. दोन्ही रेणू जोडले जातात आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. मिश्रण बर्फाच्या पाण्यात ओतून त्यातील आम्लता योग्य केली की बहुधा पिवळसर घन पदार्थ खाली बसतो. तो गाळून, धुऊन, अल्कोहोलमधून पुन्हा स्फटिकरूपात आणला जातो.

मूळ पदार्थांच्या वलयावर क्लोरीन, नायट्रो, मिथॉक्सी यांसारखे गट वेगवेगळ्या जागी बसवले की प्रत्येक वेळी निराळे संयुग हाती येते. चाल्कोनपासून पुढे पायराझोलीन, फ्लेव्होन इत्यादी अन्य वर्गांकडेही जाता येते. एका गटाची जागा बदलताच रेणूचा गुणधर्म बदलतो. कोणता बदल रोगजंतूला बाधतो व कोणता बाधत नाही, यांचा ताळा मांडणे हे या संशोधनाचे सूत्र आहे.

संयुग तयार झाले एवढ्याने भागत नाही. त्याचा वितळबिंदू पाहून, तसेच अवरक्त वर्णपट व चुंबकीय संस्पंदन यांच्या साहाय्याने त्याची रचना सिद्ध करावी लागते. पदार्थ अशुद्ध असेल तर दिसलेला परिणाम संयुगाचा की त्यातील मळाचा, हे सांगता येत नाही.

बशीतील परीक्षा

यानंतर जीवाणूंवरील चाचणी होते. पेट्री बशीत अगारयुक्त पोषक माध्यमाचा थर घालून त्यावर स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा ई. कोलाय यांसारखे जीवाणू पसरवितात. संयुगाचे द्रावण लहान खळग्यात किंवा कागदी चकतीवर ठेवून बशी सुमारे ३७ अंश सेल्सिअसला एक दिवस राखली जाते. संयुग परिणामकारक असेल तर त्याच्याभोवती जीवाणूंची वाढ न झालेले स्वच्छ वर्तुळ दिसते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात.

या परीक्षेत दोन पथ्ये अनिवार्य आहेत. शेजारी एक नामांकित औषध तुलनेसाठी ठेवले पाहिजे, आणि केवळ द्रावक घातलेला एक खळगाही असला पाहिजे. संयुग विरघळविण्यासाठी वापरलेला द्रावकच जीवाणूंना मारीत असेल, तर संयुगाला श्रेय देता येत नाही. शिवाय वर्तुळ मोठे म्हणजे संयुग अधिक प्रभावी, असेही नेहमी ठरत नाही. अगारमधून सहज पसरणारा पदार्थ मोठे वर्तुळ दाखवितो. म्हणून चढत्या मात्रेची द्रावणे करून वाढ थांबविणारी किमान मात्रा काढणे अधिक विश्वसनीय मानले जाते.

परोपजीवींची परीक्षा याहून अवघड असते, कारण त्यांपैकी पुष्कळ जीव यजमानाच्या शरीराबाहेर सहज वाढत नाहीत. हिवतापाचा घातक परोपजीवी प्रयोगशाळेत मानवी रक्तपेशींमध्ये सतत वाढविण्याची पद्धत १९७६ साली साध्य झाली. त्यानंतरच अशा चाचण्यांना वेग आला. जंतांच्या बाबतीत अनेक औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये गांडुळांचा उपयोग करतात. संयुगाच्या द्रावणात गांडूळ किती वेळात निश्चल होते व किती वेळात मरते हे पाहून त्याची अल्बेंडाझोलशी तुलना केली जाते. ही पद्धत स्वस्त व सोपी आहे. परंतु गांडूळ हा मातीत राहणारा जीव आहे, आतड्यातील जंत नव्हे. म्हणून या परीक्षेतून पुढील तपासास पात्र संयुगे कोणती, एवढेच कळते.

मारणे सोपे, निवडून मारणे कठीण

फिनेल बशीत ओतले तरी जीवाणू मरतात, पण फिनेल कोणी रुग्णास पाजत नाही. औषधाची खरी कसोटी रोगजंतूला मारून रोग्याला वाचविण्यात आहे. सल्फा औषधांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. जर्मनीत गेऱ्हार्ट डोमाक यांनी प्राँटोसिल या लाल रंगद्रव्याचा प्रयोग १९३२ साली उंदरांवर केला व १९३५ साली तो प्रसिद्ध केला. या द्रव्याने उंदीर वाचले, पण बशीतील जीवाणूंवर त्याचा परिणाम दिसला नाही. शरीरात त्याचे विघटन होऊन सल्फानिलामाइड तयार होते व तेच खरे कार्य करते, हे त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उलगडले. म्हणजे बशी कधी नसलेला गुण दाखविते, तर कधी असलेला गुण लपविते.

सल्फानिलामाइडची निवडकता कशात आहे? जीवाणू फॉलिक आम्ल स्वतः तयार करतात व त्यासाठी त्यांना एक विशिष्ट कच्चा पदार्थ लागतो. सल्फानिलामाइडचा रेणू त्या पदार्थासारखा दिसतो, त्याची जागा अडवितो आणि जीवाणूची वाढ खुंटते. माणूस फॉलिक आम्ल अन्नातून मिळवितो, म्हणून त्याच्या पेशींचे हे काम अडत नाही.

महाराष्ट्रातील परंपरा

या शास्त्राची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या प्रयोगशाळेचे पुढे परळ येथील हाफकिन संस्थेत रूपांतर झाले. लस प्रतिबंध करी, पण प्लेग जडलेल्या रुग्णास वाचविणारे खात्रीचे औषध नव्हते. संस्थेचे संचालक डॉ. साहिबसिंग सोखी यांच्या काळात १९४० च्या सुमारास सोखी व डॉ. भा. बा. दीक्षित यांनी प्लेगची लागण केलेल्या उंदरांवर सल्फा संयुगांचे प्रयोग केले. डॉ. के. गणपती यांनी संस्थेत अशा संयुगांच्या संश्लेषणाचे काम केले. उंदरांवरील अनुकूल निष्कर्षांनंतरच रुग्णांवर उपचार करून त्यांची नोंद प्रसिद्ध झाली. रसायनज्ञ, जीवाणुशास्त्रज्ञ व वैद्य यांनी एका प्रश्नावर एकत्र काम केल्याचे हे उत्तम उदाहरण होय. पुढे स्ट्रेप्टोमायसीन आल्यावर प्लेगच्या उपचारात सल्फा औषधे मागे पडली.

परोपजीवींच्या क्षेत्रात मुंबईतील गोरेगावचे उदाहरण आहे. तेथे १९६३ साली सुरू झालेल्या सिबा संशोधन केंद्रात डॉ. के. नागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रोइमिडाझोल वर्गातील सॅट्रानिडाझोल हे संयुग घडविले. अमीबाजन्य विकारावरील औषध म्हणून ते भारतात वापरात आले. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या या विकारावर देशातच नवा रेणू तयार झाला, ही लक्षणीय गोष्ट आहे.

निसर्गातून औषध शोधण्याचा दुसरा मार्गही आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात डॉ. मां. जी. तिरुमलाचार यांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळविले. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी तीव्र अल्कधर्मी आहे. त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा अभ्यासही याच जिज्ञासेने होत आला आहे.

गावाच्या दृष्टीने महत्त्व

बशीतील वर्तुळापासून औषधाच्या दुकानापर्यंतचा रस्ता लांब आहे. प्राण्यांवरील प्रयोगांना नीतिसमितीची मान्यता लागते. यकृत, मूत्रपिंड व गर्भ यांवरील परिणाम पाहावे लागतात. त्यानंतर माणसांवरील टप्प्याटप्प्याच्या चाचण्या येतात. बहुसंख्य संयुगे वाटेतच गळतात. म्हणून प्रत्येक प्रभावी औषध ही अत्यंत कष्टाने मिळालेली सार्वजनिक ठेव आहे.

ही ठेव मात्र वेगाने झिजत आहे. अनावश्यक किंवा अर्धवट घेतलेल्या प्रतिजैविकामुळे संवेदनक्षम जंतू मरतात, प्रतिकारक्षम जंतू टिकतात व वाढतात. साध्या सर्दीवर प्रतिजैविकाचा उपयोग नसतो, कारण ती विषाणूंमुळे होते. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातील जंतांतही तेच घडते. वजनाचा अंदाज चुकवून कमी मात्रा देणे, एकच औषध वर्षानुवर्षे वापरणे यामुळे औषध निष्प्रभ होते. या जाणिवेतूनच शासनाने २०१३ साली अनेक प्रतिजैविकांचा ‘एच-१’ अनुसूचीत समावेश करून त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदारास बंधनकारक केली आणि २०१९ साली पशुखाद्यात कोलिस्टिन वापरण्यास बंदी घातली.

येथे पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांचे काम सुरू होते. चिठ्ठीवाचून प्रतिजैविक घेऊ नये, डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा चुकवू नये, जनावरांना पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच औषध द्यावे, हे ग्रामसभेत सांगता येईल. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी ही अशाच दीर्घ परीक्षेतून उतरलेली आहे. ती शिक्षकांनी आपल्यासमोर चावून खाण्यास लावावी आणि आजारी मुलास त्या दिवशी देऊ नये. शुद्ध पाणी, शौचालयाचा वापर व हात धुण्याची सवय असेल तर औषधाची गरजच कमी पडते.

महाविद्यालयातील विद्यार्थी नवे संयुग घडवितो तेव्हा तो रचनेचा व परिणामाचा एक प्रामाणिक दुवा ज्ञानात घालतो. परिणाम न दिसल्याची नोंदही त्यात मोलाची असते. अशा शेकडो नोंदींतून एखादे औषध उद्या निघेल. तोवर हाती असलेली औषधे जपून वापरणे हे प्रत्येक गावाचे कर्तव्य आहे.