बाटलीत काय आहे?

लोहगावच्या विमानतळावरून परदेशी निघालेली एक आजी डोळ्यांसमोर आणा. नातवंडांसाठी तिने हातातल्या पिशवीत अर्धा किलो श्रीखंडाचा डबा घेतला आहे. पिशवी क्ष-किरण यंत्रातून पलीकडे जाते, तपासनीस डबा बाजूला काढून ठेवतो आणि म्हणतो, "आजी, हे आत नेता येणार नाही." आजी म्हणते, "अरे बाळा, श्रीखंड आहे ते. यात पाणी कुठाय?" तरीही डबा मागे राहतो. त्याच पिशवीतल्या पुरणपोळ्या मात्र बिनतक्रार पुढे जातात.

आजीचा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने मोठा मार्मिक आहे. त्याकडे आपण येऊच. आधी नियम पाहू. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला हातातील सामानात द्रव न्यायचा असेल, तर प्रत्येक बाटली किंवा डबी जास्तीत जास्त १०० मिलिलिटर मापाची असावी लागते आणि अशा सर्व बाटल्या एक लिटर मापाच्या एकाच पारदर्शक पिशवीत मावाव्या लागतात. माप बाटलीचे धरतात, आतील द्रवाचे नव्हे. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी चमचाभर तेल उरले असले तरी ती चालत नाही. औषधे व तान्ह्या बाळाचे दूध यांना सवलत असते. पुणे ते दिल्ली अशा देशांतर्गत प्रवासाला हा १०० मिलिलिटरचा नियम नाही, पाण्याची बाटली खुशाल नेता येते.

हा नियम कशासाठी, असे वर्गात विचारले की हटकून उत्तर येते, "सर, उंचावर हवेचा दाब कमी होतो, बाटली फुटेल!" उत्तर चुकीचे आहे, पण विचार करण्यासारखे आहे. प्रवासी विमानात हवा भरून दाब राखलेला असतो. तो फार तर समुद्रसपाटीपासून २४०० मीटर उंचीवर असतो तितका, म्हणजे जमिनीवरील दाबाच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. तिथे पाण्याची बाटली फुटल्याचे कोणी ऐकले आहे काय? शिवाय विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत तुम्ही लिटरभर तेल ठेवू शकता, आणि तेथेही दाब तितकाच असतो.

खरे कारण वेगळे आहे. ११ डिसेंबर १९९४ रोजी मनिलाहून सेबूमार्गे टोकियोला निघालेल्या विमानात द्रवरूप स्फोटकाचा स्फोट होऊन एक प्रवासी मरण पावला. वैमानिकाने विमान ओकिनावा बेटावर सुखरूप उतरवले. पुढे १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघडकीस आणला. अमेरिकेकडे जाणाऱ्या अनेक विमानांत शीतपेयांच्या बाटल्यांमधून हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेले द्रव स्फोटक नेण्याचा तो बेत होता. त्या दिवसांत लंडनच्या प्रवाशांना हातात पासपोर्ट आणि पाकीट यांपलीकडे जवळजवळ काहीच नेता येईना. काही महिन्यांनी युरोपात १०० मिलिलिटरचा नियम आला आणि २००७ साली तो बहुतेक जगाने स्वीकारला.

आता तुम्ही म्हणाल, तपासणीला क्ष-किरण यंत्र आहे ना? पिशवीतली किल्ली, कात्री, छत्रीची काडी त्यात दिसते, मग बाटलीत काय आहे ते का दिसू नये?

क्ष-किरणांचे चित्र म्हणजे एक सावली होय. पदार्थातून जाताना किरण शोषले जातात व विखुरतात, आणि पलीकडे निघतात ते तितके मंद होऊन निघतात. ६० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या क्ष-किरणांची तीव्रता निम्मी करायला लोखंडाचा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा पत्रा पुरतो. अॅल्युमिनियम सुमारे ९ मिलिमीटर लागते. पाणी मात्र ३.४ सेंटिमीटर लागते. ६.८ सेंटिमीटर जाडीच्या बाटलीतून म्हणूनच एक-चतुर्थांश किरण पार होतात. पण एक-चतुर्थांश किरण पार झाले एवढ्यावरून आत काय आहे हे सांगता येईल का? थोडा दाट द्रव थोड्या बारीक बाटलीत भरला, तरी सावली तितकीच गडद पडते. सावलीत जाडी आणि घनता यांचा गुणाकार असतो. गुणाकारावरून दोन्ही गुणक सुटे करता येत नाहीत.

म्हणून यंत्रात एक युक्ती करतात. कमी आणि जास्त अशा दोन ऊर्जांच्या क्ष-किरणांनी तपासणी करतात. कमी ऊर्जेच्या किरणांचे शोषण अणुक्रमांकाबरोबर फार झपाट्याने वाढते, जास्त ऊर्जेच्या किरणांचे तितके वाढत नाही. दोन्ही सावल्यांची तुलना केली, की पदार्थ हलक्या अणूंचा आहे की जड अणूंचा हे कळते. पडद्यावर हलक्या अणूंचे पदार्थ नारिंगी, धातू निळे आणि मधले हिरवे दाखवतात. किल्ली निळी दिसते. पण पाणी, मध, शाम्पू, साबण, कापड, पुरणपोळी, श्रीखंड हे सारे नारिंगी! कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचेच ते बनलेले आहेत. दुर्दैवाने बहुतेक स्फोटकेही याच चार मूलद्रव्यांची असतात.

येथे इयत्तांमागून इयत्ता पाठ केलेली ती व्याख्या आठवा : द्रवाला स्वतःचा आकार नसतो, तो पात्राचा आकार घेतो. कात्री रंगावरून नाही ओळखली, तरी आकारावरून ओळखता येते. द्रवाच्या बाबतीत तपासनीसाला दिसतो तो बाटलीचा आकार. रंग नारिंगी आणि आकार बाटलीचा, बाकी माहिती शून्य. जे ओळखता येत नाही त्याचे प्रमाण तरी मर्यादित ठेवावे, एवढाच या नियमाचा अर्थ. उपाय ढोबळ आहे, पण २००६ साली यंत्रांची कुवत तेवढीच होती.

आता आजीचा प्रश्न. श्रीखंड द्रव आहे की घन? वाटी उपडी केली तरी घट्ट श्रीखंड पडत नाही. म्हणजे घन म्हणावे. चमच्याने दाबले की सरकते आणि वाटीच्या आकाराचे होते; म्हणजे द्रव म्हणावे. टूथपेस्ट अशीच. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी जोर लावला तर हे पदार्थ घनासारखे वागतात, जास्त लावला तर वाहतात. निसर्गाने घन आणि द्रव यांच्यामध्ये कुंपण घातलेले नाही, ते आपल्या पाठ्यपुस्तकांनी घातले आहे. नियम करणाऱ्यांना मात्र कुठेतरी रेघ ओढणे भागच होते. त्यांनी द्रव, फवारे आणि जेल असे तिन्ही एकत्र धरले, आणि श्रीखंड जेलमध्ये गेले. पुरणपोळी आपला आकार सांभाळते, म्हणून सुटली.

बाटली न उघडता आतला द्रव ओळखायचा कसा? याची किल्ली भारतात सापडलेली आहे, आणि ती द्रवांचा अभ्यास करतानाच सापडली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्याच्या प्रयोगशाळेत जो शोध लावला, त्याच्या पहिल्या टिपणात के. एस. कृष्णन यांच्यासह त्यांनी सुमारे साठ द्रव तपासल्याचे नमूद केले आहे. द्रवावर एका रंगाचा प्रकाश टाकला, की विखुरलेल्या प्रकाशातला अगदी अल्प अंश निराळ्या रंगाचा होऊन येतो. रंगातला हा फरक रेणूच्या कंपनांवर अवलंबून असतो. माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो ना, तसेच हे प्रकाशाने रेणू वाजवून पाहणे आहे. पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची मूलद्रव्ये तीच, रेणूत फरक एका ऑक्सिजनचा. पण पेरॉक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना जोडलेले असतात. त्या बंधाच्या कंपनाची रेषा वर्णपटात ८७५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास दिसते. पाण्यात तो बंधच नाही, म्हणून ती रेषाही नाही.

अडचण एकच होती. बाटलीचे प्लास्टिकही 'वाजते', आणि आतल्या द्रवाचा क्षीण आवाज त्यात बुडतो. इंग्लंडमधील रदरफर्ड अॅपल्टन प्रयोगशाळेत पावेल मातुसेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सोपा वाटणारा तोडगा काढला. लेसरचा ठिपका जेथे पडतो तेथून काही मिलिमीटर बाजूला येणारा प्रकाश पाहायचा. खोलवर जाऊन आलेला प्रकाश बाजूला सरकून बाहेर पडतो, म्हणून तेथे द्रवाचा वाटा जास्त असतो. दोन जागांचे वर्णपट घेऊन बाटलीचा भाग वजा केला, की द्रव उरतो. या यंत्राला २०१४ साली ब्रिटनचे मॅकरॉबर्ट पारितोषिक मिळाले. धातूच्या थर्मासात प्रकाश शिरत नाही, तेथे अर्थात हा उपाय चालत नाही.

दुसरा मार्ग इस्पितळातून आला. हौन्सफिल्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने १९७१ साली पहिल्यांदा रुग्णाचा मेंदू पाहिला. अनेक दिशांनी सावल्या घेतल्या की जाडी वेगळी कळते आणि तो गुणाकार सुटतो. घनता हाती येते. पाण्याची घनता १, तर शुद्ध हायड्रोजन पेरॉक्साइडची १.४५. अशी यंत्रे आता काही विमानतळांवर हातातील सामानासाठी बसवली आहेत. त्यांच्या भरवशावर युरोपात काही ठिकाणी मर्यादा उठली, १ सप्टेंबर २०२४ पासून यंत्रांच्या शंकेमुळे पुन्हा लागू झाली, आणि जुलै २०२५ मध्ये एडिनबरा व बर्मिंगहॅम येथे दोन लिटरपर्यंतच्या बाटल्या चालू लागल्या.

पण घनता सारखीच असेल तर? हे घरी करून पाहा. १०० ग्रॅम मीठ ९०० ग्रॅम पाण्यात विरघळवा. दुसऱ्या भांड्यात १७५ ग्रॅम साखर ८२५ ग्रॅम पाण्यात विरघळवा. दोन सारख्या बाटल्यांत सारख्याच खुणेपर्यंत भरा, वर थोडी जागा सोडा, झाकणे घट्ट लावा आणि भावंडाला त्यांची अदलाबदल करायला सांगा. वाण्याच्या तराजूवर दोन्ही बाटल्या सारख्याच भरतील, कारण दोहोंची घनता सुमारे १.०७ आहे. दोन ऊर्जांच्या क्ष-किरणांना मीठ लगेच ओळखू येईल, क्लोरीनचा अणुक्रमांक १७ आहे ना! तुमच्याकडे क्ष-किरण नाहीत, पण बर्फाचा कप्पा असलेला फ्रिज असेल. झाकण न उघडता आणि चव न घेता मिठाची बाटली कोणती, हे त्याच्या साहाय्याने कसे सांगाल?