आधी चलन दाखवा, मग तारीख ठरवा

सांगलीतलं गावभागातलं घर विकायला काढलं, तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी माजघरातली पुराची रेघ दाखवली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती; धोक्याची पातळी ४५. भाव त्याच हिशेबाने लावला होता, लपवाछपवी नव्हती.

ज्यांच्याशी ठरलं, त्यांच्या मामांनी तर रेघेवरचा गिलावा नखाने खरवडून पाहिला. "आमचंही बालपण पुरातच गेलंय," म्हणाले. विसार झाला, पेढे वाटले.

खरेदीखताच्या दिवशी मी साताऱ्याहून पहाटे निघालो. ताईची सही लागणार म्हणून तीही पुण्याहून आली. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर मामा शेजारी येऊन टेकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "दादा, पूर परत आला तर? दोन लाख खाली या. पोरं नको म्हणतायत."

मी वकिलांकडे पाहिलं. ते फाइल चाळत होते. मुद्रांक शुल्काचं चलन घेणाऱ्यांनी भरलेलंच नव्हतं! म्हणजे ठरलेल्या भावाने त्या दिवशी त्यांना सही करायचीच नव्हती. आम्ही लांबून आलोय, बहीण सारखी सारखी येणार नाही, हे हेरून ठेवलेलं होतं. ज्या माणसाने आमच्या घरी बसून चहा घेतला, त्याने हे करावं? ताई उठली, "चल" म्हणाली. आम्ही निघालो. पुढे घर ठरल्याच भावाने दुसऱ्यांना गेलं.

विकणाऱ्यांनो, विसारपावती वकिलाकडूनच करून घ्या. पूर, ओल, भाडेकरू, जे असेल ते 'पाहून, समजून घेतले' असं त्यात लिहून घ्या. मुदत आणि ती चुकली तर विसाराचं काय, हेही. विसार चेकने किंवा बँकेतूनच घ्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला बसू शकतो. देणारा नामानिराळा राहतो. गोड बोलण्यावर जाऊ नका. घाई दाखवू नका. भाव पाडताना रेडी रेकनरही बघा, त्याच्या फार खाली गेलात तर आयकर रेकनरच्या किमतीवर मोजतात.

आणि बाहेरगावी राहून सांगली-मिरजेतलं घर विकत असाल, तर भरलेल्या चलनाची प्रत हातात आल्याशिवाय गाडीत बसू नका.